बोटीने येणारं पिस्तूल

“हे रक्त कुणाचं?” म्हातारा ओरडला.

त्याचं ओरडणं म्हणजे साधंसुधं नव्हे. ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या उतारावरच्या त्याच्या गॅरेजमधून आवाज निघाला, खाली खाडीच्या पाण्यावर आपटला आणि परत वर आला, तेव्हा कुठे त्याचं त्याला ऐकू गेलं असावं. कारण तो पुन्हा ओरडला, “रक्त! माझ्या पणजीच्या पिस्तुलावर हे रक्त कुणाचं?”

त्याच्या हातांत पांढरे सुती हातमोजे होते आणि मोज्यांत एक वीतभर लांबीचं ठासणीचं पिस्तूल. त्याच्या मुठीवर हाडाची एक पट्टी बसवलेली होती. शुक्रवारी मी ते नेलं तेव्हा ती पट्टी सायीच्या रंगाची होती. आज सोमवारी ती लालभडक होती. समोर आम्ही तिघं उभे होतो. मी, माझी दहा वर्षांची मुलगी, आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी राहायला आलेले माझे वडील, अण्णा.

म्हातारा जवळजवळ ठार बहिरा होता. त्यामुळे ‘जरा हळू बोला, पोरगी ऐकतेय’ असं त्याला सांगायचं, तर तेही ओरडूनच सांगावं लागलं असतं. आणि पोरीने ऐकू नये हे तर फारच गरजेचं होतं. तिला मी सांगून आणलं होतं की हे आजोबा डाग काढण्यातले तज्ज्ञ आहेत, आणि पिस्तूल माझ्या पणजोबांचं आहे.

आता गाडी इथवर कशी आली ते सांगतो. माझ्या सांगण्यातून निम्मं वजा करायचं असा आमच्या घरात नियम आहे. तुम्हीही खुशाल करा. डाग तेवढा पूर्ण धरा.

न्यूझीलंडच्या हवेत काहीतरी आहे. पुण्यामुंबईहून विमानात बसतो तेव्हा आम्ही सरळ माणसं असतो. कुणाचे वडील बँकेत, कुणाचे एसटीत, कुणाचे पाटबंधारे खात्यात. ऑकलंडला उतरून दोनतीन गणपती झाले, की एकेकाच्या घराण्यातून तलवारी निघायला लागतात. बॉटनी डाउन्सला राहणाऱ्या माझ्या एका मित्राच्या घराण्यात तर हत्ती निघाला. दारात झुलायचा म्हणे. त्याच्या वडिलांचं घर मी पाहिलेलं आहे. त्या दारात स्कूटर लावायची तर आधी चपला उचलाव्या लागत.

अशा मंडळींत माझ्यासारख्याने काय करायचं? माझ्या पणजोबांविषयी घरात दोनच गोष्टी ठाऊक होत्या. त्यांना दमा होता आणि ते भावकीशी बोलत नसत. एवढ्या भांडवलावर हत्तीसमोर उभं राहता येत नाही. म्हणून एका गणपतीत, मोदक खाता खाता, मी पणजोबांच्या कमरेला पिस्तूल लावून दिलं. विहिरीत पडलेल्या गोऱ्या साहेबाला त्यांनी बाहेर काढलं आणि साहेबाने जागच्या जागी कमरेचं पिस्तूल काढून त्यांना दिलं. पहिल्या वर्षी एवढंच होतं. दुसऱ्या वर्षी विहिरीत मगर आली. तिसऱ्या वर्षी मगर काढून मी तिथे वाघ सोडला. विहिरीत वाघ कसा, हे हत्तीवाल्याने विचारलं नाही, कारण मी त्याला हत्ती काय खायचा ते विचारलं नव्हतं. परदेशात माणसं अशीच एकमेकांना धरून राहतात.

बायको मात्र माझ्याच गल्लीतली, तिला सगळं माहीत. ती म्हणायची, “तुझे पणजोबा विहिरीत उतरले असते ना, तर साहेबालाच त्यांना बाहेर काढावं लागलं असतं.”

हे सगळं मोठ्यांपुरतं चाललं होतं तोवर ठीक होतं. पण आमच्या घरात एक व्यक्ती या गोष्टी जेवताना मान वर करून ऐकत होती. मुलगी इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. मला आपलं वाटायचं, तिला निम्मंच कळत असेल, म्हणजे नियमाप्रमाणे वजाबाकी आपोआप होतेय.

इथल्या शाळांत मुलांना माओरी रीतीने ओळख करून द्यायला शिकवतात. माझा डोंगर हा, माझी नदी ही, माझे पूर्वज हे. आमच्या कन्येने डोंगर म्हणून पर्वती सांगितली, नदी म्हणून मुठा सांगितली, आणि पूर्वज म्हणून पिस्तूल, विहीर, साहेब आणि वाघ यांच्यासकट माझे पणजोबा सांगितले. बाई खूश झाल्या. सुट्टीनंतर प्रत्येकाने घरातल्या एका जुन्या वस्तूबद्दल बोलायचं ठरलं. बाकीच्यांनी वस्तू आणायची, हिने फक्त फोटो आणायचा, असं बाईंनी तिला दोनदा बजावून सांगितलं. शहाणी बाई.

“बाबा, व्हेअर इज इट?”

“काय?”

“द पिस्टल.”

“पुण्याला. कपाटात.”

“आजोबा आर कमिंग. ही कॅन ब्रिंग इट.”

स्वेटर घातलेले, लोणच्याची बरणी मांडीवर धरून बसलेले अण्णा, आणि त्यांच्या पिशवीत पिस्तूल, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. विमानतळावर तर त्यांच्या लोणच्याचीच चौकशी दीड तास चालणार होती.

“विमानात चालत नाही गं,” मी म्हणालो. “बोटीने येतंय.”

तोंडातून वाक्य बाहेर पडलं आणि मी त्याच्यावर बेहद्द खूश झालो. बोट! बोटीला महिने लागतात, बोट बंदरात अडकते, वेळ पडली तर बुडवताही येते. पण पोरगी माझीच. तिने फ्रिजच्या दारावर जगाचा नकाशा लावला, एका चुंबकावर कागदाची बोट चिकटवली आणि दर रविवारी ती पुढे सरकवायला लागली. मुंबई, कोलंबो, सिंगापूर. मी ऑफिसातून घरी यायचो आणि पाणी प्यायला फ्रिज उघडायचो, तर बोट जवळ आलेली असायची. अण्णा विमानाने येऊन पोहोचले तेव्हा बोट सिडनीला होती. त्या आठवड्यात मी जुन्या वस्तू विकणाऱ्या वेबसाइटवर पिस्तूल शोधायला लागलो.

हिल्सबरोच्या म्हाताऱ्याची जाहिरात तिथेच मिळाली. एवढं जुनं, ज्याला काडतूसच नसतं, दारू ठासून आणि ठिणगीची टोपी बसवून उडवायचं, असं पिस्तूल घरात ठेवायला त्या वेळी परवाना लागत नसे. मी तरी पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आलो. काउंटरवरच्या पोराने मला मोठ्या प्रेमाने समजावलं आणि शेवटी विचारलं, “तुला हवंय कशाला?” मी म्हणालो, “घरचंच आहे.” म्हणजे पोलिसालासुद्धा थाप. असा मी.

शुक्रवारी एकटाच गेलो. म्हाताऱ्याने दगडाच्या खाणीत चाळीस वर्षं सुरुंग लावले होते आणि कान तिथेच ठेवून आला होता. गॅरेजात मोटार नव्हतीच. फळ्या, फळ्यांवर वस्तू आणि प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. आधी त्याने मला मोजे घालायला लावले.

“हाताच्या घामाने लोखंड मरतं!” तो ओरडला. “आणि घासायचं नाही! दीडशे वर्षांत याला कुणी घासलेलं नाही. हा रंग आहे ना, हा घासला की गेला!”

मग त्याने पिस्तूल माझ्या हातात दिलं. नळी तपकिरी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तिच्यावर ती हाडाची पट्टी. घोडा मागे ओढला की इतका हलका कट्ट आवाज यायचा, की मला वाटलं पणजोबा घसा साफ करतायत. मी तिथल्या तिथे विकला गेलो.

“आता हे वाच,” म्हणून त्याने एक जाड कार्ड पुढे केलं. दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत लिहिलेलं. त्याची पणजी दक्षिणेच्या बेटावर एका नदीकाठी खाणावळ चालवायची. नदीला पूल नव्हता. तराफा आणि तराफेवाला दोघेही पलीकडच्या काठावर राहत. उतारू आला की पणजी हात पुसत अंगणात यायची, या पिस्तुलात नुसती दारू ठासून एक बार काढायची, की पलीकडून तराफा निघायचा. माणसावर, जनावरावर, कशावरच यातून कधी गोळी सुटली नव्हती. पुढे पूल झाला आणि पिस्तूल पिठाच्या डब्यात जाऊन पडलं.

“माझ्या मुलांना नकोय!” म्हातारा ओरडला. “तू घे. अट एकच. कार्ड पिस्तुलासोबत जाणार आणि सोबतच राहणार. कबूल?”

“कबूल!” मीही ओरडलो. आणि ओरडता ओरडता मनातल्या मनात ते कार्ड रद्दीच्या डब्यात टाकून मोकळा झालो.

पण घोडं तिथेच अडलं. कार्डासकट ते पिस्तूल मला काही कामाचं नव्हतं. आणि कार्ड फेकायचं म्हणजे एका बाईचा अख्खा नदीकाठ पुसून तिथे माझा वाघ बसवायचा. मी थापा मारतो, पण त्या तोंडी. तोंडची थाप हवेत विरते, मोदकाबरोबर पचते. लोखंडाची थाप घरात राहते, आणि उद्या पोरगी ती आपल्या पोरांना देते. एवढं सगळं मला त्या गॅरेजात कळलं आणि तरी पिस्तूल खाली ठेववेना.

म्हाताऱ्याने माझं तोंड वाचलं. “ठरत नाही ना? घरी ने! दोन दिवस राहू दे घरात. सोमवारी एक तर पैसे आण, नाही तर पिस्तूल आण!” त्याची विकायची रीतच तशी होती. बदल्यात त्याने माझं ड्रायव्हिंग लायसन्स ठेवून घेतलं. हिल्सबरोहून माउंट रॉस्किलच्या आमच्या घरापर्यंत मी इतक्या हळू गाडी चालवली, की एक आजी कुत्र्याला घेऊन चालत होती ती माझ्याआधी सिग्नलला पोहोचली. कार्ड मी गाडीतल्या खणात, जुन्या नकाशाच्या घडीत सरकवून ठेवलं.

घरी आनंदीआनंद. बोट ऑकलंडला लागली. पोरीने चुंबक सरकवला, टाळ्या वाजवल्या. अण्णांनी चष्मा लावला, पिस्तूल पाहिलं. अण्णा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. एखादा स्क्रू बघून तो कुठल्या शिफ्टला बसवला ते सांगतील असा माणूस. त्यांनी पिस्तूल पाहिलं, चष्मा काढला, मला पाहिलं आणि पुन्हा चष्मा लावून पेपर वाचायला लागले. ओरडणाऱ्या माणसापुढे मी वाट्टेल ते रेटून सांगू शकतो. गप्प बसणाऱ्यापुढे माझं काही चालत नाही.

बायकोने स्वयंपाकघरात गाठलं. “घेणार आहेस?”

“ठरवतोय.”

“काय ठरवतोयस? पिस्तूल घ्यायचं का, की तिला खरं सांगायचं का?”

“एकच आहे गं ते.”

“एकच नाहीये,” ती म्हणाली आणि पोळी उलटली.

दुसऱ्या दिवशी दसरा. म्हणजे पंचांगात तो आदल्याच दिवशी होऊन गेला होता, पण इथे आमचे सगळे सण शनिवारीच येतात. खंडेनवमी आणि दसरा आम्ही एकाच पाटावर उरकतो. अण्णा पूजेला बसले. कारखान्यात दरवर्षी लेथची पूजा तेच करायचे. पाटावर माझा लॅपटॉप, बायकोचं शिवणयंत्र, कात्री, अण्णांनी सोबत आणलेली त्यांची जुनी मोजपट्टी. गवत कापायचं मशीन पाटावर मावेना म्हणून दाराशी. आणि मधोमध पिस्तूल. घासायचं नाही, हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. पण पाटावर ठेवलेल्या शस्त्राला हळदकुंकू लावायचं नाही, असं कुठल्या मराठी माणसाच्या डोक्यात येईल? अण्णांनी ओल्या बोटांनी सगळ्यांना हळद लावली. लॅपटॉपला जपून, पिस्तुलाला सढळ हाताने. हाडाच्या पट्टीवर ती पिवळीजर्द शोभून दिसली. पोरीने फोटो काढले.

“आजोबा, डिड यू सी इट व्हेन यू वेअर लिटल?”

अण्णांनी अक्षता वाहिल्या. “पूजेच्या वेळी बोलू नये,” ते म्हणाले.

दुपारी हत्तीवाला सहकुटुंब आला. आपट्याची पानं इथे कुठली, कुंपणावरच्या झुडपाची पानं एकमेकांना देऊन आम्ही सोनं लुटलं. मग त्याने पाटाकडे पाहिलं आणि वाकून नमस्कार केला. मला वाटलं, आता हा हत्ती परत घेणार. एवढ्यात पोरगी पुढे झाली आणि तिने काकांना सगळी हकीकत सांगितली. इंग्रजीत, पण माझ्याच सुरात. मी जिथे थांबतो तिथे थांबत, विहिरीशी आवाज खाली नेत, वाघाशी डोळे मोठे करत. मी आजवर सांगितलेल्यापेक्षा ती गोष्ट फार चांगली झाली. कारण मी सांगताना मला ती खोटी आहे हे माहीत असायचं. तिला नव्हतं.

जिंकलो होतो. तरी जिलबी गोड लागेना.

रविवारी सकाळी हळद पुसायला गेलो तर लोखंडावरची निघाली, हाडावरची निघेना. बायको भाजी आणायला गेली होती. तिच्या माघारी मी इंटरनेटवर डाग काढायचे उपाय वाचले आणि हाडाच्या पट्टीवर खाण्याचा सोडा चोळला. वरणाचे डाग साबणाने लाल होताना उभं आयुष्य पाहिलेला माणूस मी! बघता बघता पट्टी अशी लाल झाली, की मी आधी स्वतःची बोटं तपासली.

बायको आली. पिशव्या खाली ठेवल्या. “सोडा? हळदीला सोडा? अरे, कुंकू कसं करतात ते तरी माहीत आहे का तुला?”

“आता काय करू?”

“आता जायचं आणि त्या माणसाला सांगायचं. सरळ.”

सरळ! मी पोरीला सांगितलं, डाग काढणाऱ्या तज्ज्ञाकडे जातोय. “आय’ल कम,” ती म्हणाली. सुट्टीच होती. अण्णांनीही न विचारता बूट घातले.

तर असे आम्ही तिघं गॅरेजात उभे, आणि म्हातारा रक्त रक्त म्हणून ओरडतोय. ‘माझ्या पणजीचं पिस्तूल’ हे शब्द तो एव्हाना चार वेळा बोलला होता. पोरगी माझ्याकडे बघत होती.

माझ्याजवळ त्या क्षणी तीन थापा तयार होत्या. एक साधी, म्हातारबाबांना वयामुळे आठवत नाही अशी. एक मधली. आणि तिसरी, त्यांची पणजी आणि माझे पणजोबा यांना एकाच बोटीवर आणणारी, इतकी सुंदर होती की ती वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं. तोंड उघडलं. पोरीकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं नव्हतं. बसथांब्यावर माणूस उभा असतो, बस येणार हे माहीत असतं, फक्त कधी ते माहीत नसतं, तशी ती उभी होती.

“हे आमचं नाही,” मी तिला म्हणालो. मराठीत आणि हळू.

“काय?” म्हातारा ओरडला. “काय म्हणालास?”

“मी मुलीला सांगतोय!” मी इंग्रजीत ओरडलो. “हे आमचं नाही!”

“ते मला माहीत आहे! हे माझं आहे!”

“आमच्या घरात कधीच पिस्तूल नव्हतं!”

“काय नव्हतं?”

“पिस्तूल! माझ्या पणजोबांना दमा होता! मी थाप मारली!”

शेजारच्या अंगणात गवत कापायचं मशीन चालू होतं, ते बंद झालं. कुणीतरी कुंपणावरून डोकावून “कियोरा” म्हणालं, म्हणजे माओरीत नमस्कार. जन्मात मी एकदाच खरं बोललो, तर तेही अर्ध्या हिल्सबरोला ऐकवून.

म्हातारा एक पाऊल पुढे आला. “थाप चांगली होती का?”

“फार!”

“हं.” त्याला ते पटलेलं दिसलं. “पण मग रक्त कुणाचं?”

तेव्हा अण्णा पुढे झाले. मशीनांच्या खडखडाटात पस्तीस वर्षं काढलेला माणूस ओरडत नाही. तो समोरच्याच्या तोंडासमोर उभा राहतो आणि ओठ नीट हलवून सावकाश बोलतो. आणि खाणीत चाळीस वर्षं काढलेल्याला ओठ वाचता येतात. हे दोघांनाही माहीत होतं, मला नव्हतं.

“नो ब्लड, सर,” अण्णा म्हणाले. “टर्मरिक. प्लस सोडा. केमिकल.”

“टर्मरिक कशाला?”

“वन डे इन वन इयर, ऑल टूल्स, वुई से थँक्यू. लेथ मशीन, स्पॅनर, ऑल. धिस ऑल्सो टूल.”

म्हाताऱ्याला एकदाही ‘काय’ म्हणावं लागलं नाही. त्याने डाव्या हाताचा मोजा काढला. उघडं बोट त्या लाल पट्टीवरून फिरवलं, दोनदा. मग स्टुलावर बसला आणि पहिल्यांदाच माणसासारखा हळू बोलला. “पिठाच्या डब्यात पडून होतं. थँक्यू कुणी म्हटलं नव्हतं.”

थोड्या वेळाने त्याने कार्ड मागितलं. मी गाडीकडे निघालो, तर पोरीने जॅकेटच्या खिशातून ते काढून त्याच्या हातात दिलं.

मी तिच्याकडे पाहिलं. ती कार्डाकडे बघत होती. म्हाताऱ्याने पेन उघडलं, अण्णांना टर्मरिकचं मराठी नाव इंग्रजी अक्षरांत कसं लिहायचं ते विचारलं, आणि पणजीच्या हकीकतीखाली उरलेल्या बोटभर जागेत एक ओळ लिहिली. माउंट रॉस्किलच्या एका घरात या पिस्तुलाचे आभार मानण्यात आले. लाल डाग त्या आभारांच्या हळदीचा आहे, काढू नये.

“घेणार का?” त्याने मला विचारलं. “कार्डासकट?”

खरं तर आता घ्यायला काहीच हरकत नव्हती. “नको!” मी ओरडलो.

“का?”

“आता त्याची गोष्ट खरी आहे! खरी गोष्ट सांभाळायची आमच्या घराला सवय नाही!”

तो हसला. डागाची भरपाई म्हणून पुढचे दोन शनिवार त्याने माझ्याकडून छपराच्या पन्हळी साफ करून घेतल्या, तेव्हा कुठे लायसन्स परत दिलं.

परत येताना गाडीत मीच विचारलं, “कार्ड कधी सापडलं?”

“येस्टरडे. आय वॉज लुकिंग फॉर गम.”

“मग बोलली का नाहीस?”

“आय वॉज वेटिंग.”

“कशाची?”

“फॉर यू.” ती खिडकीबाहेर बघत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, “द टायगर टू?”

“वाघ पण.”

“अँड द अस्थमा?”

“दमा खरा.”

“ओके,” ती म्हणाली. घरी गेल्यावर तिने नकाशा फ्रिजवरून काढला नाही, बोट तेवढी काढली.

शाळा सुरू झाल्यावर ती फोटोबरोबर एक हळदीची पुडी आणि चमचाभर सोडा घेऊन गेली. वर्गात तिने पांढऱ्या कागदावर पिवळ्याचं लाल करून दाखवलं आणि सगळं सांगितलं. पणजी, तराफा, पूजा, सोडा, आणि बापाने काय काय रचलं होतं तेही. फाटकाशी बाई भेटल्या, म्हणाल्या, “वाघ मला आवडला.” हत्तीवाल्याला मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही. सगळंच एकदम कशाला.

अण्णा परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं मागच्या पायरीवर चहा घेत बसलो होतो. अण्णांच्या पायात माझे जँडल, इथे रबरी सपातांना तसं म्हणतात. इतके दिवस जे विचारायचं राहिलं होतं ते मी विचारलं.

“अण्णा, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पूजेला बसलात, तिने तोंडावर विचारलं, तरी बोलला नाहीत. का?”

अण्णांनी चहा बशीत ओतला. फुंकर मारली. एक घोट घेतला.

“मला माझ्या वडिलांनी तोफ सांगितली होती,” ते म्हणाले.